मुखपृष्ठावरची दगडाबाई

अश्लेषानं 'माळवाट' दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर एकच चेहरा ठेवला होता: ढोकीच्या ऊसतोड कामगार दगडाबाईचा. कृष्णधवल फोटो, काळी पार्श्वभूमी, थेट वाचकावर रोखलेली नजर, खाली पांढऱ्या बारीक अक्षरांत नाव. संपादक अंबादाससरांना कोपऱ्यांत पणत्या आणि तळाला जाहिरातदारांचे गोल फोटो हवे होते. "या चेहऱ्याला दुसरं काही लागत नाही," असं आठवडाभर भांडून तिनं ते टाळलं होतं.

सरांनी सकाळी मुरूमहून मुखपृष्ठ अंकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि दुपारी धोंडीबाचा, दगडाबाईच्या नवऱ्याचा, फोन आला.

"ताई, आमच्या मंडळीला कशापायी मारलं? पाव्हणे जीप करून मातीला निघालेत! म्या सांगायलोय, ती इथं भाकरी थापायलीय, तर मलाच म्हणायलेत, धीर धरा!"

अश्लेषानं ग्रुप उघडला. जोडलेल्या हातांची रांग लागली होती. 'भावपूर्ण श्रद्धांजली. बाई फार कष्टाळू होत्या.'

तिला स्वतःचाच संताप आला. तुळजापुरात तिच्या घरासमोरच्या चौकात असेच फलक लागत: काळ्यावर एकटा चेहरा, खाली नाव. रोज पाहूनही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणून मी पणत्या म्हणत होतो," सर फोनवर जिंकल्यासारखे बोलले. "रंगीत फोटो घ्या, खाली गोल टाका. संध्याकाळी छपाईला जायचंय."

तिनं आधी टिपलेल्या फोटोंतून धोंडीबाच्या बोलण्यावर खळखळून हसणाऱ्या दगडाबाईचा रंगीत फोटो शोधून काढला. तो इतका मोठा केला, की पदराखालचं डोकं अंकाच्या नावावर आलं.

"अहो, नाव झाकलं की!" तो पाहून सर म्हणाले.

"सर, श्रद्धांजलीच्या फलकावर अक्षरांवर डोकं आलेलं कधी पाहिलंत?"

"बरं, राहू द्या. पण गोल पाहिजेतच."

दात-ओठ खात तिनं गोल टाकले. सहा गंभीर पुरुष दगडाबाईच्या हसण्याखाली ओळीनं बसले. आता तरी खात्री करावी म्हणून तिनं मुखपृष्ठ सरांसोबत धोंडीबालाही पाठवलं. लगेच त्याचा फोन आला.

"झ्याक! आता जित्ती दिसती. पर ताई, खाली हे शोकाकुल कशाला?"

अश्लेषानं तडक सरांना फोन लावला.

"अहो, अंक छपाईला गेला," सर म्हणाले. "गोल किती उठून दिसतायत!"