क्रोशाच्या रुमालाखाली

मी एक शंट रेग्युलेटर आहे, मित्रांनो. नाव ऐकून दचकू नका. टेपरेकॉर्डरच्या पोटात बसून आवाजाला एकसारखी वीज पुरवायची, एवढंच माझं काम. नको असलेली वीज मी स्वतः पितो आणि तिची ऊब करून हवेला देतो. म्हणून गाणं चालू असताना मी कोमट असतो आणि सगळं शांत झालं की जास्त तापतो. त्या शांततेत मला पेंग येते, स्वप्नंही पडतात.

शिवाजी पेठेतल्या तहरीमनं मला तिच्या अब्बांसाठी घडवलं. हे अब्बा, सिकंदरभाई, फुटबॉल सामन्यांत माइकवर बोलायचे. त्यांच्या आवाजानं मैदान उसळायचं. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. त्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती, अंतिम सामन्याची. पण जुन्या टेपच्या घरघरीत तीही बुडून जायची.

मी आलो आणि घरघर थांबली. स्वतःचा आवाज ऐकताना सिकंदरभाईंचे डोळे मिटले. मला तर वाटलं, मीच मैदानावर उभा आहे.

पण त्या घरात तहरीमच्या अम्मीची, लालबीची माया होती. टीव्ही, मिक्सर, फ्रिज, सगळ्यांवर तिनं विणलेले क्रोशाचे रुमाल. सिकंदरभाईंच्या गळ्याला तर भर उन्हाळ्यातही मफलर, आणि "वारं लागंल" म्हणून मैदान बंद. माझ्या टेपवरही तिनं फ्लॅनेलचं अस्तर लावलेला रुमाल चढवला. माझा जीव गुदमरू लागला. एका दुपारी टेप बराच वेळ नुसताच चालू राहिला आणि रुमालाखाली मी धगधगलो; मग कॅसेट लागली, आवाज चढत गेला, "चेंडू घेऊन गोलकडं..." आणि मी जळालो.

सिकंदरभाई बंद टेपकडे बघत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून निजले. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

"अगं, मी धूळ बसू नये म्हणून झाकलं की!" लालबी रडवेली झाली.

"अम्मी, चूक माझीबी हाय," तहरीम म्हणाली. "मी ह्येला उघड्या टेबलावर तपासलं. आपल्या घरात रुमाल असतोय, ह्येचा इचारच न्हाय केला."

तिनं माझा जळका भाग बदलला, पाठीला ऊब बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची मोठी दातेरी पट्टी लावली, टेपच्या झाकणाला भोकं पाडली. शेवटी लालबीचा हात धरून त्या भोकांवर ठेवला. "गरम लागतंय न्हवं? ह्यो त्येचा श्वास हाय. झाकू नगंस."

लालबीचा हात बराच वेळ तिथंच राहिला.

कॅसेट पुन्हा लागली. चेंडू पुढं सरकला, आवाज चढला, आणि "गोऽऽल!" सिकंदरभाई ताडकन उठून बसले. त्यांचे ओठ हलत होते. कपाळावर घाम होता.

लालबीनं हातातल्या रुमालाकडे पाहिलं, मग त्यांच्या मफलरकडे.

"अवो," ती हळूच म्हणाली, "उकडतंय व्हय तुम्हास्नी?"

कितीतरी महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. सिकंदरभाईंनी मान हलवली. लालबीनं मफलर सोडवला. "जावा. आज मैदानावर म्याच हाय म्हणं."

ते चपला घालून निघाले. कॅसेट संपली, घर शांत झालं आणि सगळी वीज माझ्या वाट्याला आली. मी तापलो, पण मजेत. मित्रांनो, मायेनं पांघरूण जरूर घाला. फक्त आधी हात लावून विचारा, उकडतंय का म्हणून.