गोजरबाईचं हलकं मशीन

“सोडू का आता हात?” अन्वरने विचारलं.

गोजरबाईने मान हलवली. अन्वरने मशीनखालचा आधार काढून घेतला. दांडा क्षणभर हवेत राहिला, मग कलला, आणि टोकाची परातीएवढी चकती दुकानाच्या फरशीला जाऊन टेकली. गोजरबाईने डाव्या हाताने उजवा खांदा दाबून धरला. तोंडावर मात्र काही येऊ दिलं नाही.

“हे नाही जमत, मावशी,” अन्वर म्हणाला. “हे पाच मिनिटं नाही धरू शकत तुम्ही, अन् शोधाले तं दिवसभर हालवा लागते.”

मलकापूरच्या बाजारात अन्वरचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारींना नवी तार भरायची, हा त्याचा धंदा. जोडीला जमिनीतलं धातू शोधायची दोन-तीन मशिनं त्याने ठेवली होती. कुणाचा दबलेला पाइप सापडत नाही, कुणाची अंगठी शेतात पडली, असे लोक येऊन ती भाड्याने नेत. सत्तरीला टेकलेली बाई एकटी एसटीने येऊन पुरलेले चांदीचे रुपये शोधायला मशीन मागते, हे मात्र त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

त्याने दुसरं मशीन काढलं. बारीक, पोकळ दांड्याचं. गोजरबाईने ते धरलं, डावीकडून उजवीकडे झुलवलं. खांद्यातून कळ आली नाही. सात वर्षांपूर्वी ती कापूस वेचताना बांधावरून पडली होती. तेव्हापासून तो हात खांद्याच्या वर जात नव्हता.

“हे देऊन दे.”

“पहिले ऐका तं खरं.” अन्वर स्टूल ओढून बसला. त्याने समजावून सांगितलं, की जड मशीन खोल पाहतं, हलकं वरवर पाहतं. एकटा रुपया असेल तर हे फार तर वीतभर खालचा दाखवील. भांडंभर असतील तर हातभर. त्यात तुमच्याकडची काळी माती. ती स्वतःच बोलते, मशीनला भुलवते. चांदीचा आवाज त्यातून ओळखून घ्यावा लागतो. किती खोल आहे, असं त्याने विचारलं. गोजरबाईला ते माहीत नव्हतं. नळाची चर कमरेइतकी होती, आणि रुपया त्या मातीत निघाला होता, एवढंच तिने सांगितलं.

अन्वरचा आवाज बदलला. नारळ, लिंबू, कोणी महाराज असलं काही आहे का, त्याने विचारलं. तसं असेल तर मशीन मिळणार नाही. आणि जुनं काही सापडलं तर तहसीलला कळवावं लागतं, लपवलं तर गुन्हा होतो, हेही सांगितलं.

“मले ठेवाचेच नाहीत ते,” गोजरबाई म्हणाली. “मले फक्त दाखवाचे आहेत.”

“कोणाले?”

मग तिने सांगितलं. इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते एका परक्या दुकानदाराला सांगितलं. कदाचित तो परका होता म्हणूनच.

वडनेर भोलजीच्या पलीकडच्या एका खेड्यात ती लग्न होऊन आली, त्याला आता पन्नास वर्षं होत आली होती. सासूजवळ चांदीचे राणीछाप रुपये होते, पितळेच्या गडव्यात ठेवलेले. दिवाळीला ती ते काढायची, पुसायची, पूजेला मांडायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासूला गोठ्यात साप चावला. दवाखान्यात नेईपर्यंत तिची वाचा बसली, आणि संध्याकाळी ती गेली. गडवा माळ्यावर नव्हता. कोठीत नव्हता. चूल उकरली, तिथेही नव्हता.

तेराव्याला सगळा गोतावळा बसलेला असताना तानुबाई बोलली. तानुबाई थोरली नणंद, देऊळगाव राजाला दिलेली. मागच्या महिन्यात गोजर माहेरी गेली तेव्हा तिच्या डोक्यावर जड गठुडं होतं, एवढंच ती म्हणाली. गठुड्यात तुरीची डाळ होती. पण त्याच उन्हाळ्यात गोजरबाईच्या बापाने घरावर टिनपत्रे टाकले होते. पुढचं लोकांनी आपलं आपण जुळवून घेतलं.

कुणी तिला मारलं नाही की हाकललं नाही. फक्त कोठीची किल्ली पुन्हा तिच्या हातात आली नाही. लग्नकार्यात ती शेजारी बसली की बायका आपली पिशवी मांडीवर घेत. भाऊ दोनदा न्यायला आला, दोन्ही वेळा ओसरीवरच्या बोलण्याने खाली मान घालून परत गेला. तिसऱ्यांदा आलाच नाही. त्यानंतर ती माहेरी गेली ती रिकाम्या हातांनी. आई मेली तेव्हासुद्धा अंगावरच्या लुगड्याशिवाय तिने बरोबर काही घेतलं नाही.

नवऱ्याला, भगवानरावाला, तिने एकदाच विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं म्हणून. तो बैल सोडत होता. “जाऊ दे ना,” तो म्हणाला, “झालं ते झालं.” म्हणजे झालं होतं, असंच त्याला वाटत होतं. त्यानंतर तिने विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो वारला.

आणि गेल्या चैत्रात नळाची चर खणली गेली. यंत्राने गोठ्यामागून तीस पावलं लांब चर पाडली, माती इकडची तिकडे झाली, पाइप टाकून बुजवली. पुढे शेणाची टोपली टाकायला गेलेल्या गोजरबाईला त्या मातीत एक काळा रुपया दिसला. तो तिने पदराने पुसला, तर राणीचं तोंड. गोठ्यामागे पूर्वी उकिरडा होता. सासूने चोराच्या भीतीने गडवा तिथे पुरला असणार, आणि कुणाला सांगायच्या आत साप आडवा आला असणार.

“पोराले दाखवला मी तो रुपया,” ती म्हणाली. “तो म्हणे, माय, आता कोण इचारते तुले? पन्नास वर्सं झाले. मी म्हनलं, तानुबाई हाय ना अजून जित्ती. त्या दिवशीच्या मोठ्यायमंधली तेवढी एकच उरली.”

अन्वर स्टूलावरून उठला. मग त्याने त्या हलक्या मशीनची छोटी चकती काढून जरा मोठी बसवली, आणि सेलची डबी दांड्याच्या मागच्या टोकाला, कोपराखाली बांधली, म्हणजे पुढचं वजन हातावर येऊ नये.

“मशीन खाली जात नाही, तं जमीन वर आना,” तो म्हणाला. “वीतभर माती काढजा, मंग फिरवजा. पुन्हा वीतभर काढजा, पुन्हा फिरवजा. टाइम लागन. पन हात टिकन तुमचा.”

लोखंडाचा आवाज जाडा आणि तुटका, चांदीचा बारीक आणि वर चढणारा, हे त्याने आपल्या बायकोचं पैंजण फरशीवर ठेवून तिला चार वेळा ऐकवलं.

दुपारी गुरं रानात गेली की गोजरबाई काम सुरू करायची. पहिल्या दिवशी खिळे निघाले, बैलाचे नाल निघाले, सायकलीची साखळी निघाली. दुसऱ्या दिवशी सांडशीचा अर्धा पाय. मशीन किंचाळलं की ती खाली बसायची, विळ्याने उकरायची, निघेल ते एका टोपल्यात टाकायची. माती काढायला मात्र तिचा हात पुरेना. टिकाव उचलला की खांदा डोळ्यांत पाणी आणायचा.

गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. म्हातारी गुप्तधन काढते, असं पारावर ठरलं. सुनेला, वंदनाला, पाण्यावर बायकांनी विचारलं, तेव्हा ती संतापून घरी आली आणि सासूशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने पाहिलं, गोजरबाई डाव्या हाताने खुरप्याने माती ओढत होती, चिमूट चिमूट, भांड्याला लागलेली खरवड काढावी तशी. वंदनाने पदर खोचला, टिकाव घेतला आणि खणायला लागली.

सहाव्या दिवशी, तिसरा थर काढल्यावर, चरीच्या कडेला तो आवाज आला. बारीक, वर चढणारा. गोजरबाईने चकती मागे घेतली, पुन्हा नेली. पुन्हा तोच. तिने खुरपं वंदनाकडे दिलं. वंदनानेच उकरलं. गडवा आडवा पडला होता. तोंडाला बांधलेलं कापड कुजून गेलं होतं आणि त्यातून काळे पडलेले रुपये चरीच्या बाजूला सांडले होते.

“आत्याबाई,” वंदना म्हणाली, आणि एक रुपया पदराने पुसून तिच्यापुढे धरला. गोजरबाई रडली नाही. ते मोजलेही नाहीत तिने. पोलीस पाटलाला तिने स्वतः बोलावून आणलं आणि तहसीलला जमा करायचे म्हणून सांगितलं. फक्त दोन दिवस मागून घेतले. पाटील साठीचा माणूस होता. तेराव्याच्या पंगतीत तो पोर म्हणून वाढायला होता. त्याने गडव्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहायचं टाळलं, आणि म्हणाला, “परवा सकाळी येतो, काकू.”

दुसऱ्या दिवशी ती बुलढाण्याला गाडी बदलून देऊळगाव राजाला पोचली, तेव्हा ऊन कलायला आलं होतं. तानुबाईची नातसून, काजल, दारातच म्हणाली की आजी आता कुणाला ओळखत नाही. पोटच्या पोरालाही नाही. तरी गोजरबाई आत गेली.

तानुबाई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. एवढीशी झाली होती. पूर्वी तिचा आवाज वेशीपर्यंत जायचा. गोजरबाईने गडवा पुढे ठेवला आणि चार रुपये काढून तिच्या ओंजळीत दिले. तानुबाईने ते उलटेसुलटे केले. एक नखाने घासला. मग तिचे डोळे हलले.

“हे मायचे हाईत,” ती म्हणाली.

गोजरबाई पुढे सरकली. “हाव, बाई. मायचेच. तिनंच पुरून ठेवले होते, गोठ्यामागं. तथीच होते इतके वर्सं.”

“नाही वं.” तानुबाईने शांतपणे मान हलवली, लहान मुलाला चूक सांगावी तशी. “गोजरनं नेले होते. भगवानच्या बायकोनं. चोट्टी होती ते.”

काजल ओशाळली. आजी काहीही बोलते, मनावर घेऊ नका, असं काहीसं ती पुटपुटली. पण आजी काहीही बोलत नव्हती. नाव, गाव, नातं, पोटची पोरं, सगळं गळून गेलं होतं त्या डोक्यातून, आणि हे तेवढं लखलखीत शिल्लक होतं.

“तू कोन वं?” तानुबाईने विचारलं.

गोजरबाईने तोंड उघडलं. नाव सांगावं असं वाटलं, पण सांगून काय होईल ते तिला समोर दिसत होतं. आज आलेली बाई चार दिवसांत विसरली जाईल, चोट्टी तेवढी लक्षात राहील.

“तथलीच,” ती म्हणाली. “तुमच्या गावची.”

“तिच्याकून सोडवून आनले ना तू?” तानुबाईने तिचा हात पकडला. हात गरम होता, आणि त्यात अजून जोर होता. “लय चांगलं केलं, बाई. माय खुश होईन.”

गोजरबाईला वाटलं, हा हात झटकावा आणि एकदा, फक्त एकदा, पन्नास वर्षांचं सगळं या बाईच्या तोंडावर ओरडून सांगावं. पण ऐकणारं तिथे कुणी उरलं नव्हतं.

“हाव,” ती म्हणाली. “आनले सोडवून.”

तानुबाई समाधानाने हसली, आणि बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. काजलने चहा आणून ठेवला. शेवटची गाडी चुकेल म्हणाली. गोजरबाईने तानुबाईच्या मुठीतून रुपये एकेक करून काढून घेतले, गडव्यात टाकले. त्यांची काजळी म्हातारीच्या बोटांना लागली होती, नखांत शिरली होती.

“काजल, एक ओला फडका दे,” ती म्हणाली.

काजलने दिला. गोजरबाईने तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात करून एकेक बोट पुसायला लागली, तानुबाई जागी होऊ नये इतक्या हलक्या हाताने.