भत्त्याच्या कचेरीतला डुलता घोडा

मी एक जुना लाकडी डुलता घोडा आहे. उजवा कान तुटलेला, पाठीवरचा लाल रंग मुलांच्या चड्ड्यांनी घासून गेलेला. उत्तर आयर्लंडमधल्या एका लहान गावात, गरजूंना सरकारी भत्ता देणाऱ्या कचेरीत, खिडकीपाशी मी उभा असतो. बालमित्रांनो, तुम्ही म्हणाल, लाकडाला कसला आलाय हेवा? पण माझं निम्मं आयुष्य हेव्यातच गेलं. खोटं कशाला सांगू?

मॅलकी सुतारांनी मला चर्चच्या मोडक्या बाकांच्या लाकडातून घडवलं, ते त्यांच्या नातवंडांसाठी. पण मुलगा बायकोपोरांना घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला. मग पेन्शनच्या कागदासाठी कचेरीत आले, तेव्हा म्हातारबुवा मला सोबत घेऊन आले. "इथे पोरं फार रडतात," एवढंच म्हणाले आणि मला ठेवून गेले.

रस्त्यापलीकडे एक खासगी पाळणाघर होतं. तिथल्या खिडकीत दुसरा घोडा दिसायचा. पांढरा, ठिपक्याठिपक्यांचा, खऱ्या केसांच्या शेपटीचा. शेपटीचं मला काही वाटत नव्हतं. पण त्याच्याकडे रोज तीच मुलं यायची. त्यांनी त्याला नाव ठेवलं होतं. माझ्याकडे मुलं यायची ती आईचा नंबर लागेपर्यंत. जरा डुलायला लागलं की हाक यायची आणि पाठ रिकामी व्हायची.

मग नवा नियम आला. एकटीने मुलं वाढवणाऱ्या बाईचं धाकटं मूल पाच वर्षांचं झालं, की तिने काम धरायचं, नाहीतर भत्ता बंद. कचेरीत आया वाढल्या, मुलं वाढली. मी मनातून खूश झालो. आता त्याची लाज वाटते.

त्यातच ब्रोना आली. नवरा सोडून गेलेला, आई वारलेली, पदरात पाच वर्षांची क्लोडा. टेबलापलीकडे आयर्विनबाई होत्या.

"शाळा दोनला सुटते," ब्रोना म्हणाली. "बेकरीचं काम साडेचारपर्यंत. मधे पोरीला कुठे ठेवू?"

"समोर पाळणाघर आहे ना."

"तिथे दीड वर्षाने नंबर लागतो. तुमचा मुलगा जातो ना तिथे? मग तुम्हाला ठाऊकच असेल."

आयर्विनबाईंनी मान खाली घातली. "काम नाकारलंस तर मला तसं लिहावं लागेल, ब्रोना."

"मी नाकारत नाहीये हो. तेवढ्या अडीच तासांचं सांगा."

बाईंनी कामाचा कागद तिच्यापुढे सरकवला.

ब्रोनाने काम धरलं. दोन वाजता चहाच्या सुट्टीत ती अंगावरच्या पिठासकट शाळेत धावायची, क्लोडाला आणून माझ्या पाठीवर बसवायची आणि कानात सांगायची, "कुणी विचारलं तर म्हणायचं, आईचा नंबर लागायचाय." मग पळत बेकरीत परत.

मित्रांनो, त्या दिवसांसारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. रोज तेच मूल, तेच वजन, मानेभोवती तेच चिकट हात. तिने मला नावही ठेवलं, टोस्ट. समोरच्या ठिपकेवाल्याकडे मी बघायचंच सोडून दिलं.

चौथ्या दिवशी आयर्विनबाई जवळ आल्या. "आईचा नंबर कधी लागणार गं?"

"साडेचारला," क्लोडाने खरं ते सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी बिस्किट दिलं, रंगीत पेन्सिली दिल्या. क्लोडा माझ्यावरून उतरली आणि त्यांच्या टेबलाशी जाऊन चित्र काढत बसली. दुसऱ्या दिवशी आली ती थेट टेबलाकडेच. मी नुसता जळत उभा होतो. पण माझ्याहून जास्त जळली ती ब्रोना. साडेचारला ती दारात आली, तर पोरगी आयर्विनबाईंकडे बघून खळखळून हसत होती.

"तुमचं लेकरू समोर सुखात आहे," ब्रोना हळूच म्हणाली, "आणि आता माझंही तुमच्याकडेच हसणार होय?"

"मी काय घेतलं गं तुझं?"

"दुपार घेतलीत. माझी दुपार."

आठवड्याभरात हे कचेरीच्या साहेबांच्या कानावर गेलं. दारावर कागद लागला: मुलांना एकटं सोडू नये. ब्रोनाने बेकरी सोडली. स्वतःहून काम सोडलं म्हणून भत्ताही थांबला. तसं लिहावं लागलं आयर्विनबाईंनाच. लिहून झाल्यावर त्यांनी क्लोडाच्या रंगीत पेन्सिली गोळा केल्या. मग कोट चढवून ब्रोनाच्या घरी गेल्या.

ब्रोनाने त्यांना आत घेतलं नाही, असं नंतर कळलं. दुसऱ्या खेपेला घेतलं. मग दोघी मिळून दारोदार हिंडल्या. दोननंतर ज्यांची सोय नाही अशा मुलांची नावं लिहिली, शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटल्या, गावच्या कौन्सिलच्या पायऱ्या झिजवल्या. साहेबांनी बाईंना चार शब्द सुनावले, तरी त्या थांबल्या नाहीत. आठ महिने गेले. तेवढ्या काळात ब्रोना किती वाळली, ते मी खिडकीतून पाहिलं.

अखेर शाळेतच एक खोली उघडली, साडेपाचपर्यंतची. जेवण, खेळ, सांभाळायला दोन बायका. ब्रोना आता म्हाताऱ्यांच्या आश्रमात स्वयंपाक करते. संध्याकाळी मायलेकी माझ्या खिडकीवरून जातात. क्लोडा बडबडत असते, आत बघत नाही.

त्या खोलीचा मला हेवा वाटतो. अजूनही. माझ्या पाठीवर आता फारसं कुणी बसत नाही, आणि ते बरं आहे हे कळूनही आतून दुखतंच. तरी तुम्हाला एक मागणं आहे, मित्रांनो. उद्या मोठे होऊन तुम्ही टेबलापलीकडे बसाल, नियम लिहाल. एखाद्या आईला कामाला जा म्हणण्याआधी तिच्या लेकरासाठी जागा करून ठेवा. आधी जागा, मग नियम. माझी पाठ रिकामी राहिली तरी चालेल.