गेटसमोरचा थांबा

गडब गावाजवळच्या नव्या कॉम्प्लेक्समधले फ्लॅट धनेशनेच विकले होते. "एसटी गेटसमोरच थांबते," असं तो छातीठोकपणे सांगायचा. पेण-रोहा गाडीवरचा एक ड्रायव्हर त्याच्याच गावचा. त्याला गळ घालून धनेशने दोन रविवार, गिऱ्हाइकं बघायला आली तेवढ्यापुरती, गाडी थांबवूनही घेतली. 'एसटी थांबा' ही पाटी तर या शहाण्याने स्वतःच्या हाताने रंगवून रोवली होती. खरा थांबा दोन किलोमीटर मागे.

आज बाइकवरून जाताना त्याला पाटीखाली रंभाकाकी दिसली. धनेशच्या शब्दावर खाडीकाठचं घर विकून ती इथे राहायला आली होती. गाडी आली, काकीने हात केला, गाडी धुरळा उडवत निघून गेली.

धनेश मान खाली घालून सटकणार, तोच काकीने हाक मारली.

"तिसरी गाडी गेली रं. पन डायवरचा दोष नाय. धुरळ्यानं पाटीच दिसत नाय त्याला. पिशवी धर जरा."

धनेशने पिशवी धरली. काकी टाचा उंचावून पदराने पाटी पुसू लागली, आणि त्याच्याच हातची अक्षरं एकेक करून लख्ख दिसू लागली.