दोनदा लागलेला निकाल

स्पॅनिश साहित्यव्यवहारात परीक्षकांसाठी एक सोय करून ठेवलेली आहे. आपल्याकडच्या परीक्षकांना तिचा पत्ता लागलेला नाही. लागला असता तर एव्हाना तिचा अतोनात वापर झाला असता. आलेल्यांपैकी एकही कृती योग्यतेची नाही असं समितीला वाटलं, तर ती पुरस्कार ‘देसिएर्तो’ जाहीर करते. देसिएर्तो म्हणजे ओसाड. कोणाला काही मिळत नाही, कोणाला कारण द्यावं लागत नाही, आणि परीक्षकांच्या अभिरुचीचा दरारा मात्र वाढतो.

दुसरी पद्धत याच्या अगदी उलट, आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. कथेवर लेखकाचं नाव नसतं, टोपणनाव असतं. खरं नाव आणि पत्ता सोबतच्या मोहोरबंद पाकिटात. निकाल ठरल्यानंतर ते पाकीट भर सभेत, सर्वांच्या देखत फोडायचं. तोवर परीक्षकासमोर वाक्यांखेरीज काहीही नसतं. माणसाच्या न्यायबुद्धीवर इतका कमी विश्वास ठेवणारी व्यवस्था शहाणीच म्हणायला हवी.

२००६ च्या ऑक्टोबरात डॅलसला भरलेल्या स्पॅनिश ग्रंथमेळ्याच्या कथास्पर्धेत या दोन्ही पद्धती एकाच आठवड्यात माझ्या डोळ्यांसमोर वापरल्या गेल्या.

समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष डॉन एवारिस्तो पेनाल्वा, निवृत्त संपादक. निम्मं आयुष्य त्यांनी एक वर्तमानपत्र चालवण्यात घालवलं होतं आणि उरलेलं निम्मं ते का बंद पडलं हे सांगण्यात. दुसऱ्या ग्रासिएला मोंकादा, रेडिओवर सकाळचा कार्यक्रम करणाऱ्या कवयित्री. आणि तिसरी मी, इला; मूळची नागपूरची, जवळच्या एका कॉलेजात मध्ययुगीन स्पॅनिश गद्य शिकवणारी. एक परीक्षक ‘समाजाबाहेरचा’ असावा, त्याने निःपक्षपातीपणा दिसतो, असा नियम होता. त्या समितीतला निःपक्षपातीपणा म्हणजे मी.

सोमवारच्या बैठकीत वाद झालाच नाही. ‘कोर्नेखा’, म्हणजे कावळी, या टोपणनावाने आलेली कथा इतरांच्या फार पुढे होती. डोंगरातलं एक गाव, गावात एकच टेलिफोन. ज्याचा फोन येईल त्याला धावत जाऊन बोलावून आणायचं, हे एका बाईचं काम. जन्म, मृत्यू, नोकऱ्या, फसवणुका, सगळं तिच्या पायांवरून गावात शिरतं. शेवटी एके दुपारी पलीकडचा आवाज तिचंच नाव घेतो. आणि तिला बोलावून आणायला गावात कोणी नाही, म्हणून ती सवयीने ‘थांबा, बोलावते’ म्हणून रिसीव्हर बाजूला ठेवते आणि धावत सुटते. बस, एवढंच. पण त्या धावण्याची दोन पानं वाचून मी हातातली पानं खाली ठेवायला विसरले होते.

“ही बाई, आणि ही बाईच आहे,” डॉन एवारिस्तो म्हणाले, “आमच्या डोंगरात जन्मलेली आहे. तिला लागलेली धाप मला ओळखीची आहे. माझी आई अशी धापत असे.”

“हे शिकून येत नाही,” ग्रासिएला म्हणाल्या. “हे दुधाबरोबर येतं.”

मी फक्त ‘सहमत’ म्हणाले. एकमत झालं. पाकीट शनिवारी फोडायचं ठरलं.

गुरुवारी मात्र सन्मानचिन्ह कोरणाऱ्या दुकानदाराला नाव हवं होतं. शनिवारी सभेत आयतं कोरलेलं नाव दिसलं की छायाचित्र चांगलं येतं, असं मेळ्याच्या कार्यालयाचं मत होतं. एका पितळी पट्टीसाठी डॉन एवारिस्तोंनी पाकीट फोडलं, आणि चष्मा वर-खाली केला.

“रत्ना... देव... प्रोफेसर, हे कुठलं नाव?”

मी कागद घेतला. “रत्ना देवस्थळी. पत्ता प्लेनोचा. मराठी नाव आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे भारतातलं.”

“म्हणजे तुमच्याकडचं.”

“माझ्याकडचं.”

“ओळखता?”

खोटं बोलण्याची ती वेळ होती. पण ते मला सुचलंच नाही. “दोनदा भेटलेय. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत. पुण्यात स्पॅनिश शिकवायच्या, आता इथे इंजिनियर मुलाकडे असतात, एवढं माहीत आहे.”

खोलीत जी शांतता पसरली ती मी ग्रंथांतून अनेकदा वाचली होती. स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या कागदपत्रांत ती फार अचूक नोंदलेली असते.

“हे कसं दिसेल, विचार करा,” डॉन एवारिस्तो म्हणाले. “दोनशे कथा. त्यातली एका भारतीय बाईची. समितीत एक भारतीय बाई. आणि पुरस्कार कोणाला? माझं वर्तमानपत्र असतं तर मीच ही बातमी पहिल्या पानावर घेतली असती.”

“मी फक्त ‘सहमत’ म्हणाले होते. तुम्ही आईची आठवण काढली होतीत.”

“माझ्या आईला यात आणू नका!” मग ते आवाज खाली आणून म्हणाले, “प्रोफेसर, एप्रिलमध्ये याच शहरात आमची लाखो माणसं पांढरे शर्ट घालून स्थलांतरितांच्या मोर्चात रस्त्यावर उतरली. कशासाठी? आम्ही इथे आहोत, हे सांगण्यासाठी. त्याच वर्षी आमच्या मेळ्याचा आमच्या भाषेतला पुरस्कार मी प्लेनोतल्या कुणा इंजिनियरच्या आईला देऊ? काँक्रीट ओतणारे, भांडी घासणारे लोक रात्री बसून कथा लिहितात. त्यांना काय सांगू?”

हा युक्तिवाद मूर्ख नव्हता, म्हणूनच तो अधिक संतापजनक होता. खऱ्या दुःखाचा उपयोग करून केलेला अन्याय नेहमीच सुबक बांधणीचा असतो.

“तर मग त्यांच्यापैकी कोणाला द्या,” मी म्हणाले.

“दुसरी त्या तोडीची नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.”

ग्रासिएला तोवर कथा पुन्हा चाळत होत्या. “आता वाचलं ना, की भाषा जरा इस्त्री केलेली वाटते. परक्या माणसाची टापटीप.”

“सोमवारी ती दुधाबरोबर आली होती.”

“दुसऱ्यांदा वाचताना माणसाला जास्त दिसतं.”

“कथा दुसऱ्यांदा वाचलीत, की पाकीट?”

दोन विरुद्ध एक मताने पुरस्कार ओसाड झाला. मग औदार्य सुरू झालं. शनिवारी कथासंध्या होती. तिथे रत्नाबाईंनी ‘भारतातून आलेल्या पाहुण्या’ म्हणून काहीतरी वाचावं. त्यांच्या भाषेतलं असलं तर उत्तमच. आणि तो त्यांचा सुंदर रेशमी पोशाख.

“तुम्हीच सांगा त्यांना,” डॉन एवारिस्तो म्हणाले. “तुमची भाषा एक आहे.”

“आमच्या भाषा दोन आहेत,” मी म्हणाले. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

शुक्रवारी दुपारी मी डॅलसच्या उपनगरात, प्लेनोला गेले. दार सुनेने, रुपालीने उघडलं.

“अरे, इला! व्हॉट अ सरप्राइज! ये ना. निमिष वर कॉलवर आहे, आई मागे पॅटिओवर. काही फंक्शनचं आहे का?”

“स्पॅनिशचं आहे.”

“हो यार, आईंना ते मस्त येतं. आमच्या लॉनवाल्याशी त्याच बोलतात. सो युजफुल!”

रत्नाबाई उन्हाकडे पाठ करून बसल्या होत्या. सहासष्ट वर्षांच्या, ताठ, विद्यार्थ्यांना उभं करून प्रश्न विचारण्याची सवय अजून नजरेत असलेल्या.

“तू मध्ययुगीन शिकवतेस ना?” मी बसण्याआधीच त्या म्हणाल्या. “बरं आहे. मेलेली माणसं तुझे उच्चार तपासत नाहीत.”

“मावशी, ‘कोर्नेखा’ तुम्ही.”

त्यांनी कप खाली ठेवला. “पाकीट उद्या फोडायचं असतं.”

“सन्मानचिन्हावर नाव कोरायचं होतं.”

एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पाहायला नको होतं. निकालाच्या यादीत स्वतःचा नंबर दिसलेल्या मुलीचा तो चेहरा होता. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“कोरलं?”

“नाही.”

मी सगळं सांगितलं. समितीतलं बाहेर बोलायचं नसतं. तो नियम पाळण्याजोगी समिती आता उरली नव्हती.

“मी एकतीस वर्षं शिकवली ही भाषा,” त्या म्हणाल्या. “माझी मुलं माद्रिदला गेली, बोगोटाला गेली. तिथून कार्डं पाठवायची. मी कुठे गेले? पासपोर्ट काढला तो रुपालीच्या बाळंतपणाला. मला पैसा नको होता, गं, आणि ते पितळही नको होतं. या भाषेत जन्मलेल्या एका माणसानं, मला न बघता, एकदा म्हणायला हवं होतं की ही आमची.”

“ते म्हणाले होते, मावशी.”

“हो. न बघता म्हणाले.”

“मी वर्तमानपत्रात लिहिते. राजीनामा देते, कारण सांगून देते.”

“दे की. मग मी लेखक होणार नाही. दोन इंडियन बायकांच्या लफड्यातली दुसरी बाई होईन. लोक कथा वाचतील ती तुझं अक्षर शोधत.” त्यांनी टेबलावरचं किराणा दुकानाचं जाहिरातपत्रक उलटं केलं, पेन काढलं. “काय म्हणाले ते सांग. आधीचं आणि नंतरचं. शब्दन् शब्द. तुझी अलंकारिक भर नको.”

मी सांगत गेले, स्पॅनिशमध्ये. त्या मराठीत उतरवत गेल्या. ‘इस्त्री केलेली’ या शब्दाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “उपमा बरी आहे. बाईला थोडी अक्कल असावी.”

“तुम्ही येणार आहात उद्या?”

“बोलावलंय ना? माझ्या भाषेत वाचायला सांगितलंय ना?”

शनिवारी सभागृह भरलं होतं. मी व्यासपीठावर बसले नाही. रुपाली आणि निमिषच्या शेजारी बसले. अंतिम फेरीतल्या काही कथांचे उतारे नटांनी वाचून दाखवले. ‘कोर्नेखा’ची कथा त्यांत नव्हती. मग डॉन एवारिस्तोंनी, आवाजात योग्य तेवढा खेद आणून, पुरस्कार ओसाड असल्याचं जाहीर केलं. सभागृहात ठिकठिकाणी काही माणसं एकदम खुर्चीत मागे टेकली. त्यांचीही पाकिटं होती. तीही कोणी फोडणार नव्हतं. ज्यांच्या नावाने हे सगळं केलं गेलं होतं, ती हीच माणसं.

“आणि आता,” ते म्हणाले, “सुगंधांच्या आणि योगाच्या देशातून आलेल्या आपल्या पाहुण्या!”

रत्नाबाई करड्या पँट आणि स्वेटरमध्ये वर गेल्या. रेशीम न दिसल्याने डॉन एवारिस्तोंचे जुळलेले हात जरा सैल पडले. बाईंनी अभिवादनाचा एकही स्पॅनिश शब्द उच्चारला नाही. जाहिरातपत्रक उलगडलं आणि वर्गात वाचावं तसं, स्वच्छ, संथ मराठीत वाचायला सुरुवात केली.

“सोमवार. अध्यक्ष म्हणाले: ही बाई आमच्या डोंगरात जन्मलेली आहे. तिला लागलेली धाप मला ओळखीची आहे. माझी आई अशी धापत असे.” थोडं थांबून, “दुसऱ्या परीक्षक म्हणाल्या: हे शिकून येत नाही. हे दुधाबरोबर येतं.” पुन्हा थांबून, “गुरुवार. पाकीट फोडल्यावर अध्यक्ष म्हणाले: हे कुठलं नाव?”

“आई काय वाचतेय?” निमिष माझ्या कानाशी कुजबुजला. “ही स्टोरी आहे?”

“हो,” मी म्हणाले.

“थोडी विअर्ड आहे, नाही?”

त्या शेवटपर्यंत वाचत गेल्या. टिप्पणी नाही, विशेषण नाही, आवाजात चढ-उतार नाही. फक्त ‘माझी आई अशी धापत असे’ हे वाक्य त्यांनी अखेरीस एकदा पुन्हा वाचलं, आणि तिथे त्यांचा आवाज लागला नाही. सभागृह उभं राहिलं. टाळ्या बराच वेळ चालल्या. डॉन एवारिस्तो रुमालाने डोळे टिपत होते.

“एक शब्द कळला नाही,” ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, “पण ते पोहोचलं, प्रोफेसर! अस्सल असलं की पोहोचतंच.”

ग्रासिएला लगबगीने बाईंपाशी गेल्या आणि परदेशी माणसाशी बोलतात तशा मोठ्याने, सावकाश, एकेक शब्द सुटा करत स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, “हे — आम्हाला — स्पॅनिशमध्ये — द्याल का? स्मरणिकेसाठी?”

रत्नाबाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

“काय म्हणतेय गं ही?”

मला क्षणभर कळलंच नाही. “मावशी...”

“विचारतेय ते सांग मला. मराठीत.”

मी सांगितलं. माझ्याच तोंडून ते मला ऐकू येत होतं.

“तिला सांग, मला स्पॅनिश येत नाही.”

मी ते भाषांतर केलं. इतकं निर्दोष आणि इतकं लाजिरवाणं वाक्य मी त्या भाषेत त्याआधी कधी रचलं नव्हतं. ग्रासिएलांचा चेहरा आधी गोंधळला आणि मग हळूहळू निवळत गेला. दोन दिवस खुपणारा काटा निघाला होता.

“मग ती कथा कोणी लिहिली?” त्यांनी मला विचारलं.

“यांनीच.”

“अर्थात,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या दंडावर हात ठेवून समजूतदारपणे हसल्या.

बाहेर पार्किंगमध्ये निमिष गाडी आणायला गेला, तेव्हा मला राहवलं नाही. “ती कथा तुमची नाहीच, याचा पुरावा तुम्ही त्यांच्या हातात दिलात, मावशी. आता ती कथा कायमची बेवारस झाली. नियमाप्रमाणे महिन्याभरात सगळ्या प्रती नष्ट करतील.”

“करू देत.”

“तुमच्याकडे प्रत आहे?”

“होती,” त्या म्हणाल्या.

मी स्पॅनिशमध्ये बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. एका वाचकाने लेखकाला जे सांगायचं असतं तेच, आणि त्याहून थोडं जास्त. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. त्यांना प्रत्येक शब्द कळत होता, हे त्यांच्या मिटलेल्या ओठांवरून दिसत होतं. निमिषने गाडी आणून समोर उभी केली. रुपालीने मागचं दार उघडून धरलं.

“चल,” रत्नाबाई मला मराठीत म्हणाल्या, “थंडी पडली आता. तूही नीट जा.”

आणि आत बसून त्यांनी दार ओढून घेतलं.