उघडीला दारं बसली

मी उघडी बोलतेय. दचकू नका, आणि इकडेतिकडे बघत पानही झाकू नका. तसलं काही नाही. उघडी हे माझं नाव. चार जाडजूड चाकं, मध्ये दोघांनी खांद्याला खांदा लावून बसायची जागा, मागे सामानाचा हौदा, डोक्यावर पत्र्याचं छप्पर आणि बाकी नुसते पाइप. ना दार, ना काच. खड्डे, ओढे आणि दगडगोटे यांच्यासाठीच माझा जन्म. गुळगुळीत रस्ता लागला की मला जांभया येतात. पहिल्यांदा मला बघून कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विचारलं होतं, "हिचे कपडे कुठे राहिले?" तेव्हापासून मी उघडी.

माझा मालक म्हातारा आहे. डोंगराच्या उतारावर त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. बायको गेल्यावर माणूस शहाणा होतो म्हणतात. याने मला विकत आणलं. रिकाम्या पेट्या वर न्यायच्या, भरलेल्या खाली आणायच्या, हे माझं काम. वाटेत डबकं दिसलं आणि शेजारून कुणी इस्त्रीच्या कपड्यांतला चालला असला, की म्हातारा डबक्यातूनच जायचा. चाक माझं, डोकं त्याचं. शिव्या मात्र दोघांनी निम्म्या-निम्म्या वाटून घेतल्या.

मग एक दिवस लेक आणि जावई आले. चार दिवस राहायला म्हणून आले. ते चार दिवस अजून संपायचे आहेत.

जावईबापू गोरेगोमटे, मऊ हाताचे, ऑफिसात बसून पोट किंचित पुढे आलेले. बोलायच्या आधी घसा खाकरायचे, आणि खाकरून झालं की पुष्कळदा बोलायचेच नाहीत. माशी दिसली की मान खांद्यात घालायचे. असा माणूस रोज हट्टाने माझ्यावर बसून डोंगरावर येऊ लागला. का, ते मला कळेना. म्हाताऱ्याला मात्र कळलं होतं, निदान त्याला तसं वाटत होतं.

चढ लागला की जावईबापू खाकरायचे आणि म्हणायचे, "मामा, जरा बोलायचं होतं."

म्हातारा लगेच अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. माझं इंजिन बरोबर दोघांच्या पाठीमागे. ते ओरडायला लागलं की देवालाही काही ऐकू जायचं नाही. जावईबापूंचं तोंड हलताना दिसायचं, म्हातारा कानाला हात लावून "काय?" म्हणायचा, आणि पुढचा खड्डा मी अगदी मनापासून घ्यायची. जावईबापूंचं वाक्य तिथेच मोडायचं. वर पोहोचल्यावर "काय म्हणत होतात?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता पेट्यांकडे चालू पडायचं. तिथे माश्या, त्यामुळे जावईबापू माझ्याजवळच.

मला पुसताना म्हातारा एकदा माझ्याच कानात म्हणाला, "पेट्या विका, डोंगर विका आणि आमच्याबरोबर शहरात चला, हेच सांगायचंय त्याला. सांगू दे. ऐकू आलं तर ना."

असं वर्ष गेलं. शेताच्या बांधावर भांडणारे सख्खे भाऊसुद्धा एवढा काळ गप्प राहत नाहीत. पण हे दोघे भांडतही नव्हते, हीच तर मेख.

या सगळ्यात म्हाताऱ्याला खोकला लागला. वाटेवरची धूळ, वरचा गार वारा, आणि वय काही मागे जात नाही. माझ्यावर असेपर्यंत तो बिनधास्त खोकायचा, माझ्या आवाजात ते खपून जायचं. घरात मात्र उशीत तोंड खुपसून खोकायचा. उशी लेकीनेच शिवलेली, तिला कळणार नाही होय? ती त्याला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी छातीला नळी लावली आणि सांगितलं की धूळ आणि वारा बंद, नाहीतर डोंगर बंद.

लेकीने अंगणात माझी किल्ली काढून घेतली. म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. स्वतःच्या हाताने वाढवलेली पोर, आणि बापाची किल्ली घेते.

"एकतर गाडी बंद होईल, बाबा, नाहीतर बंदिस्त होईल," ती म्हणाली. "काय ते तुम्ही ठरवा."

तेव्हा जावईबापू खाकरले आणि या वेळी खरंच बोलले. दारं, काचा, सगळं मी बसवतो म्हणाले. म्हातारा हसला. मीही हसले, पण माझं हसू तेलाच्या थेंबासारखं खाली गळतं, कुणाला दिसत नाही.

पहिल्यांदा बसली पुढची काच. काच म्हणजे जाड पारदर्शक प्लास्टिक. जावईबापूंना वाटलं, वारा समोरून येतो, धूळ समोरून येते, तर समोर झाकलं की झालं. लेक स्वतः सोबत बसून फेरी मारून आली. परत आली तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. कारण समोरून अडवलेला वारा छपरावरून फिरून मागून आत शिरला आणि येताना माझ्याच चाकांनी उडवलेली सगळी धूळ घेऊन आला. पूर्वी धूळ यायची आणि निघून जायची. आता पाहुण्यासारखी मुक्कामाला राहिली.

म्हणून मागे जाड पडदा आला, चारी कडांनी बाहेरून पाइपला आवळलेला. मग धूळ बाजूंनी येऊ लागली. एक भोक बुजवायला जावं तर दुसरं आ वासून उभं. शेवटी दारंच हवीत, असं ठरलं.

दारं जावईबापूंनी मागच्या पडवीत स्वतः बनवली. पाइपची चौकट, खाली पत्रा, वर प्लास्टिक, कडेने रबरी पट्टी. अंगठा ठेचला, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी दोन शर्ट जळले, पण माणूस हटला नाही. पहिलं दार त्यांनी स्वतःच्या बाजूला लावून बघितलं. बिजागऱ्या झकास. कडी म्हणून मोडीत निघालेल्या कपाटाचा खटका बसवला. दार आपटलं की आपोआप बसायचं. आणि उघडायची मूठ? ती बाहेरच्या अंगाला. कपाटाला आतून मूठ कशाला असेल? कपाटात कोण राहतं?

दार तपासायला म्हणून लेक रोज एका फेरीपुरती किल्ली द्यायची. पहिल्याच फेरीत वर पोहोचल्यावर जावईबापू आत अडकले. म्हातारा आपल्या उघड्या बाजूने उतरला, वळसा घालून आला आणि कमरेत वाकून त्याने दार उघडलं. "या जावईबापू," म्हणाला, "आमच्याकडे जावयाचा मान असाच राखतात." रोज हाच खेळ. म्हाताऱ्याला इतकी मजा येऊ लागली की मूठ बदलायचा विषय निघाला की तोच म्हणायचा, राहू द्या हो, मला कमीपणा नाही त्यात.

मग जावईबापूंनी दुसरं दार केलं. पहिल्याचं माप घेऊन, पहिल्यासारखं हुबेहूब. हुबेहूब म्हणजे अगदी हुबेहूब. त्याच कपाटाच्या दुसऱ्या दाराचा खटका.

दोन्ही दारं बसल्यावर लेकीने खूश होऊन किल्ली कायमची परत दिली. दोघे दोन बाजूंनी बसले. धाड, धाड. आत एकदम शांत झालं. इतकं शांत की माझंच इंजिन मला शेजारच्या गल्लीत चालू असल्यासारखं वाटलं. धूळ नाही, वारा नाही. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. पूर्ण चढ तो खोकला नाही, आणि जावईबापूही काही बोलले नाहीत. पेट्यांपाशी आम्ही थांबलो. म्हाताऱ्याने उतरायला हात पुढे केला आणि तो गुळगुळीत पत्र्यावरून घसरला.

त्याने पुन्हा हात फिरवला. वर, खाली, कोपऱ्यात. मग सावकाश मान वळवून जावयाकडे बघितलं. जावईबापू आपल्या दाराकडे बघत होते, जणू ते आत्ताच दिसलं.

बाहेर माश्या काचेवर येऊन बसल्या. आजवर म्हातारा त्यांच्या पेट्यांत डोकावायचा, आज त्यांची पाळी होती.

लाथा मारून झाल्या. खांदे लावून झाले. जावईबापूंचं काम इतकं पक्कं निघेल असं स्वतः त्यांनाही वाटलं नव्हतं. शेवटी म्हाताऱ्याने मला वळवलं. खाली दुकानदार दिसला, तेव्हा जावईबापूंनी काचेवर थापा मारल्या. दुकानदाराने हसून हात हलवला. म्हातारा खेकसला, "गप बसा. याला कळलं तर मी मेल्यावरही लोक हसत येतील."

अंगणात येऊन इंजिन बंद केलं आणि हॉर्न दाबला. लेक हात पुसत बाहेर आली. दोघांनी खुणा केल्या. तिने बाहेरची मूठ बघितली, आत चाचपणारे चार हात बघितले. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने काचेला तोंड लावलं.

"वर्षभर एकाला बोलायचंय आणि दुसऱ्याला ऐकायचं नाही. आता माझा कुकर चढलाय. तोवर आटपा."

आणि गेली.

आत दोघे. वारा नाही, खड्डा नाही, आणि मी बंद, म्हणजे माझ्याकडून मदतीची आशा नाही. म्हाताऱ्याला खोकला आला. त्याने तो दाबला, मग दाबता येईना. त्या बंद जागेत तो खोकला असा घुमला की मलाही पहिल्यांदा कळलं, केवढा आहे. जावईबापूंनी पाण्याची बाटली उघडून पुढे धरली.

पाणी प्यायल्यावर म्हातारा काचेतून समोर बघत म्हणाला, "बोला. डोंगर विका म्हणायचंय ना?"

"नाही, मामा." जावईबापू खाकरले. "माझी नोकरी गेली."

"कधी?"

"आम्ही इकडे यायच्या आधी."

"मग वर्षभर सांगितलं का नाही?"

"वर्षभर तेच तर सांगतोय."

म्हाताऱ्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग विचारलं, की मग रोज डोंगरावर कशाला येता? जावईबापूंनी मान खाली घालून सांगितलं, की पेट्यांचं काम शिकायचंय, पण विचारायचा धीर होत नव्हता, आणि धीर झाला की गाडी जोरात जायची.

"माश्या चावतात."

"चावू देत."

"तुम्ही दारं करता तशा पेट्या कराल, तर बिचाऱ्या आतच गुदमरतील."

यावर जावईबापू हसले, मग म्हातारा हसला, आणि त्याला पुन्हा खोकला आला. या वेळी त्याने तो दाबला नाही. हळू आवाजात म्हणाला, की भरलेली पेटी आता एकट्याने उचलत नाही. आधी दोन खेपा व्हायच्या, आता एक करतो आणि लेकीला सांगतो, मध कमी झाला.

लेक बाहेर आली. मुठीवर हात ठेवला. आतून म्हाताऱ्याने काचेवर टकटक केलं आणि बोट हलवून सांगितलं, थांब. अजून बोलणं चाललंय.

ती थांबली. पायरीवर बसून राहिली. कुकरमधलं सगळं गार झालं.

आता मला आतूनही मुठी आहेत. स्टिअरिंग जावईबापूंकडे आहे, शेजारी म्हातारा. तो दर वळणाला शिकवतो आणि दर वळणाला हे चुकतात. डबकं दिसलं की मात्र जावईबापू बाजूने जातात, सभ्य माणूस. माझं आयुष्य जरा बेचव झालंय. म्हातारा रोज डोंगरावर जातो. उचलतो काहीच नाही, दगडावर बसून हुकूम सोडतो. खोकला आहे, पण कमी आहे, आणि लपवलेला नाही.

तुम्हाला एकच सांगते, मग निघते. घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नसतील, तर लोक म्हणतात, त्यांना मोकळ्या हवेत न्या. वर्षभर मीच नेत होते. मोकळ्या हवेत माणसाला पळायला फार जागा असते. त्यापेक्षा कोंडा त्यांना. फक्त बाहेर उभं राहणारं माणूस असं निवडा, ज्याला जेवण गार झालेलं चालतं.