नऊपेक्षा लहान अकरा

“अहो, चप्पल चढतच नाहीये पायात. तुमची घालते.”

“घाल. पण निघालीस कुठे?”

“दवाखान्यात. पहाटेपासून धाप लागतेय मला.”

त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला नाही. दुसऱ्या हाताने फोनवर रुग्णालयाचं पान उघडलं, बायकोचा नोंदणी क्रमांक टाकला आणि फोन तिच्या नाकासमोर धरला. हिरव्या पट्टीत एकच ओळ होती. काळजीचे कारण नाही, पुढील तपासणी एका महिन्याने.

“वाच. परवा दिलेल्या रक्ताचा अहवाल आहे.”

“मला काय होतंय ते त्या पानाला कसं कळणार?”

“ते पान मी लिहिलंय,” तो म्हणाला. म्हणजे विषय संपला. तिने त्याची चप्पल काढून पुन्हा जागेवर ठेवली.

ऑफिसात त्याला ‘तंतोतंत’ म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि हा गृहस्थ त्याला पदवी समजून बसला. सव्वीस वर्षं तो रुग्णालयाच्या संकेतस्थळाची पानं बांधत होता. नाव कुठे यायचं, तारीख कुठे, कोणती अट खरी ठरली की कोणती ओळ दिसायची, हे सगळं त्याच्या हातात. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या पानावर, म्हणजे बायकोच्याही पानावर, त्याची एक अट होती. मूत्रपिंडाने न गाळलेल्या कचऱ्याचा रक्तातला आकडा नऊच्या वर गेला तर लाल पट्टी, ‘आजच या’. नाहीतर हिरवी. खुद्द आकडा रुग्णाला दाखवायचा नाही, कारण आकडा दिसला की माणसं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून औषधं विचारून घेतात. हे रुग्णालयाचं मत, आणि त्याचंही.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, ती नऊची मर्यादा आम्हाला बदलता आली पाहिजे. त्याने मर्यादा लिहायला एक चौकट करून दिली. मर्यादा नऊच ठेवून रक्ताचा आकडा आठ घालून पाहिला, हिरवं आलं. साडेनऊ घातला, लाल आलं. स्वारी खूश होऊन वेळेवर घरी गेली.

नवशिक्या पोराने हे केलं असतं तर यानेच त्याला फाडून खाल्लं असतं. चौकटीत टाइप केलेलं काहीही मजकूर म्हणूनच येतं, संख्या म्हणून नाही. प्रयोगशाळेचा आकडा तर पहिल्यापासून मजकूर म्हणूनच यायचा. पण आजवर समोरची नऊ ही खरी संख्या होती, म्हणून यंत्र दोन्हीकडे संख्याच धरून तुलना करायचं. आता दोन्हीकडे मजकूर. मग यंत्र शब्दकोशासारखा क्रम लावतं, आधी पहिलं अक्षर बघतं. अकरातला पहिला एक हा नऊच्या आधी येतो, म्हणून अकरा हे नऊपेक्षा लहान. जरा आजारी होता त्याला लाल पट्टी दिसत होती, आणि जो मरायला टेकला होता त्याला हिरवी.

बायकोचा आकडा अकरा होता.

त्या सकाळच्या आधीच्या आठवड्यात तिने तीनदा सांगून पाहिलं होतं. तिसऱ्यांदा तर त्याने मुलीला फोन लावून हसत सांगितलं, “तुझ्या आईला मनाचे खेळ सुचतायत. रिकामं मन, दुसरं काय!” बायको समोरच बसून भाजी निवडत होती. फोनवर मुलगीही हसली, आणि ते हसू मुलीला पुढे जन्मभर सलायला पुरणार होतं.

चप्पल जागेवर ठेवली त्याच दिवशी दुपारी, आईला बघायला घरी आलेल्या मुलीचाच फोन आला. “बाबा, आई मोरीत पडलीय. तिला श्वास घेता येत नाहीये.”

तपासून बाहेर आलेली डॉक्टर त्याच्यावर कडाडली. “पाय एवढे सुजलेत, आणलं का नाही आधी?”

त्याने फोन पुढे केला. डॉक्टरने हिरवी पट्टी पाहिली, मग स्वतःच्या संगणकावर पाहिलं. “इथे अकरा आहे. हे हिरवं कोणी केलं?”

मुलगी बापाकडे बघत होती. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि शिकायला वेळही नव्हता.

“मी,” तो म्हणाला.

दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. दोन्ही बाजू तुलनेआधी संख्येत बदलायच्या, बस. साहेब म्हणाले, “झालं ना? मग बोभाटा नको. हिरवी पट्टी गेलेले आणखी चार रुग्ण निघालेत, त्यांना तेवढे फोन लावा. चुका काढण्यात तुमचा हात कोण धरणार, तंतोतंत!”

त्याने फोन लावले. तिघांनी स्वतः उचलला. चौथ्याचा फोन त्याच्या मुलाने उचलला आणि तो म्हणाला, “तुम्हाला उशीर झाला, साहेब.” त्याने रिसीव्हर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची किळस आली.

बायको वाचली. आता आठवड्यातून तीनदा यंत्रावर तिचं रक्त शुद्ध करतात. तो रजा काढून प्रत्येक वेळी सोबत जातो, चार तास खाटेशेजारी बसतो.

“दुखतंय का गं?”

“नाही.”

“धाप?”

“बरं आहे सगळं.”

नर्स आली तशी बायकोने तिला बोटाने जवळ बोलावलं. नर्स वाकली. बायको तिच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत राहिली, एकदा छातीवर हात ठेवला, एकदा डाव्या दंडावर. नर्सने नळी सैल केली, यंत्राचं बटण फिरवलं.

तो नर्सच्या मागून दारापर्यंत गेला. “काय म्हणाली ती?”

नर्स घुटमळली. “काका, तुम्हाला सांगू नका म्हणाल्यात.”

त्याने मान डोलावली. परत येऊन त्याने बायकोच्या पायांवरची चादर सारखी केली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.